वॉल्टर टल आणि न मिळालेला मिलिटरी क्रॉस : पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात मारले गेलेले ब्रिटिश फुटबॉलपटू आणि लष्करी अधिकारी वॉल्टर टल यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक द्यावे ही मागणी ब्रिटनमध्ये पुन्हा पुन्हा होते. २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीला, शंभरहून अधिक खासदारांनी पंतप्रधानांना तसे पत्र दिले.

जन्म १८८८, फोकस्टन. वडील वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसहून आलेले कृष्णवर्णीय सुतार, आई केंटमधली. नवव्या वर्षापर्यंत दोघेही गेले आणि थोरल्या भावासह वॉल्टर लंडनच्या अनाथाश्रमात आला. १९०९ मध्ये तो टॉटनहॅम या फुटबॉल क्लबकडून पहिल्या, म्हणजे सर्वोच्च डिव्हिजनमध्ये खेळू लागला. त्याच वर्षी ब्रिस्टॉलच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने त्याला रंगावरून इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या की, ही भाषा मासळीबाजारालाही लाजवेल असे एका वार्ताहराने लिहिले. टलचा खेळ मात्र त्याने मनापासून वाखाणला. तरीही थोड्याच दिवसांत टलला मुख्य संघातून वगळले. १९११ नंतर नॉर्थॅम्प्टन क्लबने त्याला भरपूर खेळवले, तिथे त्याचे शंभरावर सामने झाले.

डिसेंबर १९१४ मध्ये ते फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाले. पुढे सॉमची लढाई, सार्जंटचा हुद्दा आणि ३० मे १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट. वादाचे मूळ इथे आहे. अधिकारी अस्सल युरोपीय वंशाचाच हवा, असा तेव्हाचा नियम. आपल्याकडच्या सुभेदार-जमादारांनाही त्याच युद्धात फक्त हिंदी शिपायांवर हुकूम चालवता येई. टल मात्र गोऱ्या शिपायांचे नेतृत्व करत होते. १९१८ च्या सुरुवातीला इटलीत त्यांनी २६ जणांची तुकडी रात्री पियावे नदीपलीकडे शत्रूच्या हद्दीत नेली आणि सगळ्यांना सुखरूप परत आणले. वरिष्ठ सेनाधिकाऱ्याने लेखी प्रशंसा केली. २५ मार्चला फ्रान्समध्ये फाव्रयजवळ ते मारले गेले. वय २९. मृतदेह मिळाला नाही. त्यानंतर पलटणीतल्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या भावाला कळवले की, टल यांची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती आणि ते त्याला पात्रच होते.

संरक्षण खाते म्हणते, शिफारशीची नोंद सापडत नाही. पण त्या युद्धातली शिफारसपत्रे बहुतांशी उरलेलीच नाहीत, मग नोंद नाही म्हणून शिफारसही नव्हती असे कसे म्हणायचे? त्या काळी हे पदक मरणोत्तर देत नसत हेही खरे. पण पियावेच्या कामगिरीनंतर टल जवळपास तीन महिने हयात होते. पदक दिले असते तर नियम मोडल्याची जाहीर कबुली झाली असती, म्हणून शिफारस दाबली असा अभ्यासकांचा एक तर्क आहे. कागदाने तो सिद्ध होत नाही, पण परिस्थितीशी नीट जुळतो.

नॉर्थॅम्प्टनच्या मैदानाशेजारी १९९९ मध्ये स्मारक झाले, २०१४ मध्ये पाच पौंडांचे नाणे निघाले. पदकाबाबत सरकारी उत्तर बदललेले नाही : जुन्या युद्धांतले निर्णय पुन्हा उघडायचे नाहीत.