न आलेल्या माणसांचा मोर्चा

वाशीहून हार्बरने मुंबईकडे निघालं की खाडीपुलावर डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते, तिच्या पायथ्याशी बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. हॅकिंग करून राजकीय निषेध करायचा, ज्याला हॅक्टिव्हिझम म्हणतात, त्याचं जगभर गाजलेलं एक प्रकरण इथलंच आहे, आणि रोज हा पूल ओलांडणाऱ्या माझ्यासारख्याला ते कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. 11 आणि 13 मे 1998 ला पोखरणच्या अणुचाचण्या झाल्या आणि महिन्याभरातच मिलवर्म नावाच्या टोळीने बीएआरसीच्या सर्व्हरमध्ये शिरून ईमेल उचलले, वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावलं आणि चाचण्यांविरुद्ध मजकूर लिहिला. टोळी कसली, वेगवेगळ्या देशांतली मिसरूड फुटायच्या वयाची पोरं, ओळख सगळी चॅटवरची. संवेदनशील काही त्या मशीनवर नव्हतं असं बीएआरसीने सांगितलं, पण अब्रू जायची ती गेलीच.

हा झाला भिंत रंगवायचा प्रकार. वेबसाइटचं पान म्हणजे शेवटी सर्व्हरवर ठेवलेली एक फाइल, एखाद्या प्रोग्रॅममधल्या फटीतून आत शिरून ती बदलायचा अधिकार मिळवला की काम झालं. दुसरा प्रकार म्हणजे रेल रोको, आणि मला तोच जास्त इंटरेस्टिंग वाटतो कारण त्यात कुलूप तोडावं लागतच नाही. समजा ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीवर हजार माणसं रांगेत उभी राहिली, प्रत्येकाने "कल्याण एक द्या" म्हटलं, क्लार्कने तिकीट काढायला घेतलं आणि हा पठ्ठ्या पैसे न देता नुसता उभा. सर्व्हरचं असंच होतं. तुमचा कॉम्प्युटर "बोलायचंय" म्हणतो, सर्व्हर "बोला" म्हणतो आणि तुमच्यासाठी जागा राखून वाट बघतो, तुम्ही पुढे काही बोलतच नाही. अशा अर्धवट संभाषणांनी त्याच्या सगळ्या जागा भरल्या की खरं गिऱ्हाईक बाहेरच ताटकळतं. अनेक कॉम्प्युटरांनी मिळून सर्व्हर असा अडवून धरला की त्याला डीडॉस म्हणतात, अर्धवट संभाषणं ही त्यातली एक पद्धत.

मग हे आंदोलन की गुन्हा? आपल्याकडे 2000 च्या आयटी कायद्यात कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, विषय संपला. जर्मनीत मात्र गंमत झाली. 20 जून 2001 ला हजारो लोकांनी लुफ्थान्साच्या साइटवर एकाच वेळी धाड घातली, कारण निर्वासितांना देशाबाहेर पाठवायला या कंपनीची विमानं वापरली जायची. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षाही झाली, पण 2006 मध्ये फ्रँकफर्टच्या वरच्या कोर्टाने ही बळजबरी नाही म्हणून ती रद्द केली.

माझी अडचण वेगळीच आहे. रेल रोकोत रुळावर माणूस स्वतः बसतो, लाठी खातो, डोकी मोजता येतात. डिसेंबर 2010 मध्ये गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्सचे पैशाचे मार्ग बंद केले म्हणून हॅकरांच्या निनावी गटाने, म्हणजे अ‍ॅनॉनिमसने व्हिसा, मास्टरकार्डच्या साइट पाडल्या तेव्हा हजारो पोरांनी एक फुकटचं टूल डाउनलोड करून बटण दाबलं, ते टूल त्यांचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस लपवतच नव्हतं, पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना अटक झाली. आणि साइट पाडायला खरा जोर लागला तो मोजक्या लोकांकडच्या बॉटनेटचा, म्हणजे मालकाला पत्ता नसताना दुसऱ्याच्याच हुकमावर चालणाऱ्या कॉम्प्युटरांचा! असा भाडोत्री जमाव मोर्चा म्हणून मी तरी मोजणार नाही.

आता या जमावात कॉम्प्युटरच लागतात असंही नाही, 2016 च्या मिराय बॉटनेटमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर होते, कारण कंपनीने दिलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. ते वाचून मी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचा डीव्हीआर उघडून बघितला, पासवर्ड 'अ‍ॅडमिन'. सेक्रेटरी काकांना समजावून बदलायला लावला, म्हटलं चला, एक डोकं तरी कमी झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर नवा पासवर्ड वॉचमनच्या केबिनमध्ये कागदावर लिहून काचेला चिकटवलेला, मजकूर बाहेरच्या बाजूला.