कानशीखालची पांढरी पूड

मागच्या महिन्यात घरच्या सागवानी पाटाच्या कडेला शिंपल्याच्या चकत्या बसवल्या, तर शेजारच्या काकांनी बघितल्या बघितल्या विचारलं, हा गुलाबी-हिरवा रंग कुठल्या पॉलिशचा? काका, पॉलिश नाही हो, त्यात रंगच नाहीये! पटत नसेल तर शिंपला कानशीवर घासून बघा, खाली पडते ती पूड पांढरीशुभ्र. मग रंग गेला कुठे?

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे, तोच माल. पण आतल्या चमकदार थरात ते अरागोनाइटच्या (म्हणजे त्याच्याच एका स्फटिकाच्या) चपट्या विटांसारखं रचलेलं असतं, वीट जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि दोन विटांमधे प्रथिनं आणि कायटिनचा (किड्यांच्या कवचात असतं तेच) त्याहून खूप पातळ थर. प्रकाश पडला की थोडा पहिल्या विटेवरून परततो, थोडा दुसरीवरून, थोडा तिसरीवरून, आणि या परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. शिखरावर शिखर आलं तर तो रंग उठतो, शिखराखाली दरी आली तर विझतो.

आता गणित, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. समजा वीट ४०० नॅनोमीटर, म्हणजे ०.४ मायक्रॉन जाड. प्रकाश जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापतो, अपवर्तनांक (विटेत प्रकाश किती पट सावकाश जातो तो आकडा) साधारण १.६, म्हणजे २ × १.६ × ४०० = १२८०. याला पूर्ण संख्येने भागून ज्या तरंगलांबी येतात त्या उठतात: २ ने भागा, ६४० म्हणजे लाल, ३ ने भागा, ४२७ म्हणजे जांभळा. लाल अधिक जांभळा, झाला गुलाबी! वीट ३५० ची असेल तर ११२०, २ ने भागून ५६०, हिरवा, आणि ३ ने भागलं तर ३७३, ते डोळ्याला दिसतच नाही. फक्त ५० नॅनोमीटरचा फरक, केसाच्या जाडीचा हजारावा भाग पण नाही, आणि गुलाबीचा हिरवा होतो. तिरकं बघितलं की लाटांच्या वाटांमधला फरक कमी होतो म्हणून रंग सरकतो. पूड केली की विटांची रांगच मोडते.

मोतीसुद्धा याच विटांचा, फक्त गोल थरांत. स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो हे ऐकायला गोड आहे, पण मोती प्राण्याच्या त्वचेसारख्या पडद्यातल्या पेशी बनवतात, पावसाचा संबंध नाही, आणि अंगठीत घालून चंद्र शांत होणं तर लांबच राहिलं.

शिंपला लाकडात बसवायचा असेल तर तिसऱ्या, म्हणजे आपण खातो ते छोटे शिंपले, घेऊ नका, त्यांच्यात ही रचना नसते, नदीतला जाड शिंपला चांगला. घासताना पाणी आणि मास्क हवाच, ती पूड छातीत जाते. चकत्या छोट्या ठेवा, कारण पावसाळ्यात लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि शिंपला फुगत नाही, मोठा तुकडा सुटतो. शेवटी सॅंडपेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून मारा, बोटाने मारलात तर मऊ लाकूड आधी झिजतं आणि शिंपला वर राहतो. लिंबू, व्हिनेगर लावू नका, आम्लाने तो विरघळतो.

आणि चकत्या चिकटवायच्या इपॉक्सी डिंकात काळा रंग मिसळा. पातळ शिंपल्यातून आरपार गेलेला प्रकाश खालच्या फिकट डिंकावरून परत आला तर सगळे रंग पांढुरके होतात, काळं खाली असलं की तो तिथेच शोषला जातो. फत्तेपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरच्या छत्रीत शिंपला आबनुसाच्या काळ्या लाकडासोबत आहे, गुजरातचे जुने कारागीर तो काळ्या लाखेत बसवायचे, पाटावर मी तेच करून बघितलं.