उजेडाचा रंग आणि उजेडातले रंग

डाळिंबी पैठणीच्या फॉलसाठी रात्री निवडलेला दोरा सकाळी अंगणात आमसुली निघतो, आणि बोल लागतो डोळ्यांना. डोळे बिचारे ठीक असतात. घोळ असतो तो खोक्यावर ‘कूल डे लाईट’ लिहिलंय म्हणून भरवशानं आणलेल्या बल्बचा.

‘शिवणकामाला पाहिजे ना? मग पांढरा घ्या, दिवसासारखं दिसतं.’ दुकानदाराचं हे वाक्य लातुरात ऐका, परभणीत ऐका, नांदेडात ऐका, शब्दसुद्धा बदलत नाहीत. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली आहे. एक म्हणजे उजेडाचा स्वतःचा रंग, तो केल्व्हिनमध्ये मोजतात. दुसरी म्हणजे त्या उजेडात कापडाचे रंग किती खरे दिसतात, ते सांगणारा आकडा सीआरआय, म्हणजे कलर रेंडरिंग इंडेक्स. बल्ब पांढराशुभ्र असूनही रंगांच्या बाबतीत खोटारडा असू शकतो, आणि पिवळा असून प्रामाणिक.

केल्व्हिन सगळ्यांनी पाहिलेला असतो, नाव तेवढं माहीत नसतं. २७०० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आकडा वाढला की निळेपणा वाढतो, उजेड वाढत नाही. वॅटचंही दोन शब्दांत सांगून टाकू: वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणारा एकूण उजेड. ९ वॅटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्युमेन उजेड देतो, म्हणजे जुन्या ६० च्या बल्बइतका.

आता सीआरआय. जुना काचेचा तारेचा बल्ब आठवा. उजेड पिवळा, साधारण २७०० केल्व्हिन, पण सीआरआय जवळजवळ १००. त्याखाली कुंकू कुंकवासारखं दिसायचं, अंजिरी अंजिरीच राहायचा. रस्त्यावरचा जुना सोडियमचा दिवाही पिवळाच. पण त्याखाली लाल, निळं, जांभळं सगळं एकाच मातकट रंगात बुडायचं, कारण त्याचा सीआरआय २५ च्या आसपास. दोन्ही उजेड पिवळे, पण एकात रंग शाबूत आणि दुसऱ्यात मेलेले. पांढऱ्या बल्बांचंही असंच असतं, फक्त तिथं फरक नजरेला पटकन सापडत नाही, म्हणून फसायला होतं.

कारण बल्बच्या पोटात आहे. सूर्याच्या उजेडात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग सलग असतात. एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारा बारीक तुकडा असतो आणि त्यावर पिवळा लेप. निळ्यातला काही भाग या लेपातून जाताना पिवळा होतो, आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. स्वस्त बल्बच्या या पांढऱ्यात गडद तांबडा भाग फार थोडा असतो. उजेडातच तांबडा नसेल तर कापड तरी तो कुठून परत पाठवणार? म्हणून डाळिंबी, कुंकवी, अंजिरी, आमसुली ही मंडळी रात्री एकमेकांची जुळी भावंडं वाटतात. पैठणीच्या धूपछाँव पोतात तर ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या रंगाचा. त्यातला एक तांबडा असेल तर तो मंदावतो आणि दुसराच वर येतो.

खोक्यावर सीआरआय ८० लिहिलेलं पाहून खूश होऊ नका. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद तांबडा त्या आठांत नाहीच. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-नाईन, आणि ८० वाल्या साध्या बल्बचा आर-नाईन शून्याच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असू शकतो. दोरा जुळवायचा असेल तर सीआरआय ९० किंवा वरचा बल्बच घ्या. खोक्यावर आर-नाईन दिलेला असेल तर तो ५० च्या वर बघा. असे बल्ब त्याच वॅटमध्ये थोडा कमी उजेड देतात, म्हणून नुसते ल्युमेन बघणाऱ्याला महाग वाटतात. वाटू द्या.

एक गोष्ट मात्र केल्व्हिनच्या बाजूनं बोलायला हवी. नेव्ही ब्लू आणि काळा वेगळा काढायचा असेल तर पिवळा उजेड, सीआरआय १०० असला तरी, कामाचा नाही. त्यात निळा भागच कमी असतो, त्यामुळे नेव्ही ब्लू काळा दिसतो. मग त्याला १०० गुण कसे? तर सीआरआयची तुलना त्याच केल्व्हिनच्या आदर्श उजेडाशी होते. पिवळ्या बल्बची गाठ पिवळ्याशीच पडते, भर दुपारशी नाही. तेव्हा हातशिलाईला आमची पसंती ठाम आहे: ४००० केल्व्हिन, सीआरआय ९०+. ६५०० वाला ९० चा मिळाला तर दोरे जुळवायला उत्तम, पण तासन् तास तुरपाई करायला तो निळसर झगझगाट नको.

खोक्यावर आकडा नसेल तर घरीच तपासा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सहा दोरे शेजारी शेजारी गुंडाळा: डाळिंबी, आमसुली, चॉकलेटी, राणी, नेव्ही ब्लू, काळा. दिवसा खिडकीजवळ, पण उन्हाबाहेर, नीट बघून ठेवा. रात्री तोच पुठ्ठा बल्बखाली धरा. आमसुली आणि चॉकलेटी एक झाले तर बल्ब तांबड्यात कच्चा. नेव्ही आणि काळा एक झाले तर उजेड पिवळा किंवा कमी आहे. पुठ्ठा हाताशी नसेल तर तळवा बघा. तो निस्तेज, हिरवटसर दिसला की समजून जा.

दोरा जुळवताना रीळ कापडाला लावून बघू नका, ही सवय कधी जाणार कोण जाणे. रिळावर दोरा दाट असतो म्हणून गडद दिसतो. एकच धागा सोडून कापडावर आडवा टाका. नेमका रंग नसेल तर किंचित गडद घ्या. आणि जुळवण्यापुरता छताचा दिवा बंद करा, नाहीतर दोन वेगळ्या उजेडांची मिसळ होते.

शिवताना मात्र तो चालू ठेवा. खोली काळोखी आणि मांडीवर लख्ख उजेड असला तर डोळे लवकर शिणतात. पण नुसत्या छताच्या बल्बावर शिवायचं नाही. युरोपच्या मानकात शिवणाच्या जागेला ७५० लक्स सांगितले आहेत. लक्स म्हणजे कापडावर प्रत्यक्ष पोहोचलेला उजेड. ९ वॅटचा बल्ब मांडीपासून अडीच मीटर वर असेल तर थेट पोहोचतात जेमतेम २०-२५ लक्स, भिंतींवरून आलेले वेगळे. तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर साडेपाचशेच्या पुढे. अंतर पाचपट कमी झालं की उजेड पंचवीसपट. छताला १५ वॅटचा लावून हे जमत नाही, वाकत्या मानेचा टेबल लॅम्प घ्या. साठीतल्या डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीतल्यापेक्षा साधारण तिप्पट कमी उजेड पोहोचतो, तेव्हा आजीच्या लॅम्पला आणखी जवळ आणा.

दिवा उजव्या हातानं शिवणाऱ्याच्या डावीकडून, थोडा पुढून, डावऱ्याला उलट. काळ्या कापडावर काळा टाका दिसत नसेल तर उजेड वाढवण्याआधी दिवा खाली करून तिरपा पाडा. टाक्याची बारीक सावली पडते आणि ओळ उमटते. तांड्यावरच्या लमाणी भरतकामात आभले, म्हणजे बारीक आरसे, असतात, तिथं उघडा बल्ब डोळ्यात चमकतो. त्याला दुधी शेड हवीच. वाकळ किंवा गोधडी जमिनीवर पसरलेली असते, तिला टेबलाला चिमटा लावायचा लॅम्प निरुपयोगी. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर दिवा ठेवा आणि धावदोऱ्याच्या ओळीबरोबर सरकवत न्या.

बल्ब लुकलुकतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर काळे पट्टे सरकत असतील तर तो बल्ब शिवणाला नको.

लाईट गेल्यावर पेटणारा इन्व्हर्टर बल्ब बॅटरीवर मंद होतो आणि बहुतेकदा निळसर, कमी सीआरआयचा असतो. त्याच्यावर तुरपाई, बटण, काज करून घ्या. डिसेंबरात संभाजीनगरला पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, नांदेडला त्याच्याही सहा-सात मिनिटं आधी, म्हणून दोरा चारपर्यंत निवडून सुईत ओवून ठेवायचा. सुई ओवताना मोबाइलची टॉर्च डोळ्यांसमोरून मारू नका, नेढ्यामागे पांढरा कागद धरा आणि दिवा कागदावर पाडा.