लाकडाची ओळख आणि टिकाऊपणा

लाकूड ओळखणं म्हणजे रंग बघून नाव सांगणं नव्हे, ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. रंग उन्हाने बदलतो, पॉलिशने बदलतो, एकाच झाडाच्या दोन फळ्यांमध्येसुद्धा वेगळा दिसतो. न बदलणारी गोष्ट म्हणजे आतली रचना, कुठल्या पेशी आहेत आणि त्या कशा मांडल्या आहेत. लाकडाचं नाव त्या मांडणीवरून कळतं, ताकद आणि टिकाऊपणाही बराचसा तिथूनच येतो, म्हणून लाकूडशास्त्रात हे सगळे विषय एकमेकांना चिकटूनच शिकवले जातात.

बघायचं कुठे, तर आडव्या छेदावर, म्हणजे ओंडका करवतीने आडवा कापल्यावर जी गोल वलयांची बाजू दिसते तिथे. फळीच्या टोकाला नव्या धारदार ब्लेडने एक छोटा पातळ काप काढायचा, जागा जरा ओली करायची आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून फळी जवळ आणायची. सँडपेपरने घासू नका, बारीक भुसा छिद्रांत जाऊन बसतो आणि सगळं धूसर होतं. काप नीट आला असेल तर सागात मोठी गोल छिद्रं प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला ओळीत दिसतात आणि पुढे लहान होत जातात. ही छिद्रं म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्या, त्यांना वाहिन्या म्हणतात. काही झाडांत वाहिन्या वलयभर सारख्या पसरलेल्या असतात, काहींत दोन-तीन एकमेकींना चिकटून असतात, आणि मध्ये बारीक फिकट रेषा जातात त्या किरणांच्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत वाहिन्याच नसतात, सगळं लाकूड मुख्यतः लांबट बारीक पेशींचं बनलेलं, त्यात राळेच्या नळ्या असल्या तर त्या ठिपक्यांसारख्या दिसतात.

इथेच हार्डवुड आणि सॉफ्टवुड या नावांचा घोळ सांगायला हवा. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड असं नाही, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड इतकाच त्याचा अर्थ, आणि सॉफ्टवुड म्हणजे सूचिपर्णी झाडांचं. बाल्सा हे जगातलं हलकं, मऊ लाकूड, नखाने दाबलं तरी खड्डा पडतो, तरी ते हार्डवुडच.

भिंगाने नाही भागलं की मायक्रोस्कोप. लाकूड पाण्यात उकळून मऊ करतात आणि साधारण १५ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप तीन दिशांनी घेतात: आडवा, किरणांच्या दिशेने, आणि वलयांना समांतर. मग एकेक लक्षण तपासायचं, वाहिन्यांच्या भिंतींवरचे बारीक खळगे कसे, किरण किती पेशी रुंद, स्फटिक आहेत का. ही लक्षणं जगभर एकाच भाषेत लिहिली जावीत म्हणून १९३१ मध्ये लाकूड शरीररचनातज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि तिच्याच नावाने १९८९ साली हार्डवुडसाठी १६३ लक्षणांची यादी आली, सॉफ्टवुडची यादी २००४ मध्ये. तुलना करायला पक्क्या ओळखीचे नमुने लागतात, त्यासाठी लाकडाचे संग्रह असतात. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत, जी १९१० साली सुरू झाली, एक लाखाहून जास्त नमुने आहेत.

त्याच प्रयोगशाळेतला आर्थर कोहलर हा माणूस या शास्त्राला कोर्टात घेऊन गेला. १९३२ मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या लहान मुलाचं अपहरण झालं, घराजवळ घरी बनवलेली शिडी सापडली. कोहलरने त्या पाइनच्या पट्ट्यांवर रंध्याच्या मशीनच्या पात्यांनी सोडलेल्या बारीक खुणा तपासून ते लाकूड दक्षिणेतल्या गिरणीतून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वखारीपर्यंत कसं आलं ते शोधून काढलं, आणि शिडीची एक पट्टी आरोपीच्या माळ्यावरच्या फळीतूनच कापलेली आहे, हे वलयं आणि खिळ्यांची भोकं जुळवून दाखवलं. १९३५ च्या खटल्यात हा पुरावा फार महत्त्वाचा ठरला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याने रंगावरून काहीच ठरवलं नाही.

पण रचनेचीही मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हवी. बऱ्याचदा रचनेवरून प्रजाती नाही कळत, फक्त कुळातला गट कळतो. शिसवासारख्या डालबर्जिया गटात हे फार अडतं, कारण त्यातली लाकडं एकमेकांसारखी दिसतात आणि काही प्रजाती अगदी संपत आल्या आहेत. म्हणून २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाच्या सगळ्या प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, यादीत टाकल्या गेल्या, पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अशा वेळी रसायनांची मदत घेतात. लाकडाची बारीक ढलपी गरम वायूच्या झोतात धरून मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्राने, बाहेर येणाऱ्या रेणूंची छाप बघतात, काही मिनिटांत उत्तर येतं. डीएनए पण वापरतात, पण जुन्या, वाळलेल्या, गाभ्यातल्या लाकडातून डीएनए काढणं अवघड असतं, जिवंत झाडाइतकं सोपं नाही.

आता गुणधर्म. कुठल्याही लाकडाच्या पेशीभित्तीची घनता जवळपास सारखीच असते, साधारण १.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, फरक पडतो तो आत हवा किती आहे याने. बाल्सा ०.१६ च्या आसपास, लिग्नम व्हायटी १.२ च्या वर, म्हणून ते पाण्यात बुडतं. कडकपणा मोजायला यांका चाचणी, ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा अर्ध्यापर्यंत लाकडात दाबायला किती जोर लागतो ते मोजायचं.

खरा खलनायक मात्र पाणी. पेशीच्या पोकळीतलं पाणी आधी जातं, त्याने काही बिघडत नाही. पण ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पाणी भिंतीतून जायला लागतं, लाकूड आकसतं आणि मजबूतही होत जातं. आकसणं सगळीकडे सारखं नसतं: वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या जवळपास निम्मं किरणांच्या दिशेने, आणि लांबीत फारच थोडं. त्यामुळेच ओली फळी वाळताना वाकडी होते, वलयांचा कमानदार तुकडा सरळ व्हायला बघतो आणि फळी खोलगट होते. फळीचं टोक बघून ती कुठल्या बाजूने वाकणार हे सांगता येतं.

टिकाऊपणाचंही तसंच. लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते, आणि बुरशीला ओलावा, हवा आणि ऊब लागते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर सहसा कुजत नाही. ब्राउन रॉट बुरशी सेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तीतले धागे, खाते, लिग्निन, म्हणजे ते धागे जोडून ठेवणारं द्रव्य, मागे ठेवते, लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं, आणि वजन फारसं घटायच्या आधीच ताकद गेलेली असते, हे सगळ्यात धोकादायक. व्हाइट रॉट लिग्निनही खाते, लाकूड फिकट, धागेदार होतं.

झाड स्वतःच्या बचावासाठी गाभ्यात विषारी द्रव्यं साठवतं, सागात टेक्टोक्विनोनसारखी, म्हणून गाभा टिकतो. बाहेरच्या फिकट थरात ती नसतात, म्हणून सागाचासुद्धा बाहेरचा भाग टिकाऊ धरत नाहीत. युरोपच्या मानकात पाच वर्ग आहेत, पहिला सगळ्यात टिकाऊ, सागाचा गाभा पहिल्या वर्गात, आणि सगळ्याच झाडांचा बाहेरचा थर पाचव्यात. हे वर्ग ठरवायला खुंटे जमिनीत अर्धे गाडून वर्षानुवर्षं बघत बसतात, या परीक्षेला ग्रेव्हयार्ड टेस्ट म्हणतात. रचनेचाही हात असतो: व्हाइट ओकच्या वाहिन्या आतून फुग्यासारख्या वाढींनी बंद होतात, म्हणून त्याची पिंपं गळत नाहीत. लाल ओकच्या वाहिन्या उघड्याच राहतात, बोटभर काडी पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर खालून बुडबुडे येतात.

जे लाकूड मुळात टिकत नाही त्याला औषध देतात. १८३८ साली जॉन बेथेलने दाबाखाली क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेलं तेल, लाकडात भरायची पद्धत काढली, रेल्वेचे स्लीपर त्यामुळे टिकू लागले. १९३३ मध्ये सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण शोधलं, जगभरातल्या विजेच्या खांबांना आणि कुंपणांना ते वापरलं गेलं. आर्सेनिकच्या धोक्यामुळे अनेक देशांनी घरगुती वापरातून ते काढलं, पण त्याआधी कित्येक झाडं त्यामुळे वाचली हे मान्य करावंच लागतं. हल्ली लाकडाची रासायनिक रचनाच बदलतात, ॲसिटिक अनहायड्राइड या रसायनाने पेशीभित्तीत पाणी धरणाऱ्या जागा बंद करतात, मग लाकूड फुगत नाही आणि बुरशीलाही भाव देत नाही.

हवा नसेल तर लाकूड किती टिकतं याचं उदाहरण म्हणजे वासा हे स्वीडिश युद्धजहाज. १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, तोवर ओकचा सांगाडा जवळपास तसाच होता, कारण तिथे हवा फार कमी, शिवाय बाल्टिकचं पाणी कमी खारट आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे जगत नाही. अडचण वर आल्यावर सुरू झाली. तसंच वाळायला दिलं असतं तर पेशी आतून कोसळल्या असत्या, म्हणून १७ वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या रसायनाचे फवारे मारले, पाण्याची जागा त्याने घेतली. आता लोखंडाचा गंज आणि लाकडात शिरलेल्या गंधकातून तयार होणारं आम्ल, या दोघांशी तिथल्या लोकांचं काम चालू आहे.