भाषाक्षमतेची उत्क्रांती आणि भाषेची उत्क्रांती

‘भाषेची उत्क्रांती’ या शब्दांत दोन निराळे प्रश्न सर्रास एकत्र बांधले जातात. माणसाच्या मेंदूत आणि शरीरात असे काय बदलले की त्याचे मूल कोणतीही भाषा आत्मसात करू शकते, हा पहिला प्रश्न. ही क्षमता आल्यावर प्रत्यक्ष भाषांची रचना पिढ्यानपिढ्या कशी घडत आणि बदलत गेली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातील वारसा जनुकांतून येतो. दुसऱ्यातील वारसा कानांवाटे येतो, आणि खूणभाषेत डोळ्यांवाटे. भाषेच्या उगमाविषयीचे सिद्धांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून ओळीने मांडले जातात खरे, पण त्यांतील बऱ्याच जणांचे आपसांत भांडणच नसते, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘सीतेने आंबा खाल्ला’ आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याचे लिंग पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूचे पाहते. याचे मूळ संस्कृतातील ‘सीतया आम्रं खादितम्’ अशा कर्मणी रचनेत आहे. तिथे अर्थच ‘सीतेकडून आंबा खाल्ला गेला’ असा असल्याने क्रियावाचक रूपाने कर्माला धरून चालणे स्वाभाविक होते. प्राकृतातून मराठीपर्यंत येताना ही रचना साधा भूतकाळ सांगू लागली, कर्माशी जुळणी मात्र टिकून राहिली. या बदलासाठी कोणाचा मेंदू बदलावा लागला नाही. मराठी आईवडिलांचे मूल जन्मापासून बर्लिनमध्ये जर्मन घरात वाढले, तर ते तिथल्या मुलांसारखीच जर्मन बोलेल. म्हणून कोणताही सिद्धांत हाती आला की आधी विचारावे: याच्या मते बदलले ते मूल, की मुलाच्या कानांवर पडणारी भाषा?

ही गल्लत जुनी आहे. 1863 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशर यांनी डार्विनचा सिद्धांत भाषाकुलांना लावून दाखवला आणि भाषा या सजीवांप्रमाणे वाढतात, शाखा फोडतात व मरतात असे मांडले. 1871 मध्ये खुद्द डार्विननेही भाषा आणि प्रजाती यांच्या घडणीतील साम्य नोंदवले. त्याच ग्रंथात त्याने भाषाक्षमतेचे मूळ पक्ष्यांच्या गाण्यासारख्या स्वरांत शोधले. दोन्ही मुद्दे एकाच ठिकाणी आल्याने वाचकांनी ते एकच मानले, यात नवल नाही. दरम्यान 1866 मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्रीय संस्थेने उगमाविषयीचे निबंध स्वीकारायचेच नाहीत असा नियम केला होता. तेव्हाच्या कल्पनाविलासाकडे पाहता तो मला फारसा अन्यायकारक वाटत नाही.

पहिल्या प्रश्नावरचा वाद खरा आहे, पण त्याच्या पोटातही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: क्षमता किती वेगाने आली आणि कोणत्या कारणाने आली. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर आणि पॉल ब्लूम यांनी 1990 मध्ये असे प्रतिपादन केले की, व्याकरणाची क्षमता डोळ्यासारखीच गुंतागुंतीची असून ती नैसर्गिक निवडीने टप्प्याटप्प्याने घडली असली पाहिजे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्या मते लहान घटक जोडून अमर्याद मोठ्या रचना करण्याची शक्ती एखाद्या छोट्या जनुकीय बदलातून अचानक आली असावी, आणि तीही संवादासाठी नव्हे, विचारासाठी. म्हणजे ‘सावकाश की अचानक’ आणि ‘संवादासाठी की अन्य कारणाने’ हे स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दिले म्हणून दुसऱ्याचे आपोआप ठरत नाही. कारणाच्या बाबतीत स्वरयंत्राचे उदाहरण बोलके आहे. माणसाचे स्वरयंत्र घशात खाली उतरलेले असते आणि ते बोलण्यासाठीच उतरले, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. 2001 मध्ये तांबड्या हरणाच्या नराचे स्वरयंत्रही खाली असते, आणि ओरडताना आणखी खाली जाते, हे दिसून आले. त्यामुळे त्याचा आवाज अधिक मोठ्या प्राण्याचा वाटतो. हरीण बोलत मात्र नाही.

दुसऱ्या प्रश्नावर प्रयोग करता येतो. एडिंबरा येथील भाषाशास्त्रज्ञ सायमन कर्बी आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधील प्रयोगात माणसांना एक कल्पित भाषा शिकवली गेली. तीन आकार, तीन रंग आणि तीन हालचाली अशा 27 चित्रांना मनाला येतील तशी नावे होती. पहिल्याने काही नावे शिकून जी उत्तरे दिली, ती दुसऱ्याला शिकवायची, अशा दहा ‘पिढ्या’ चालल्या. अनेक चित्रांना एकच नाव पडल्यास तशी नावे पुढे जाऊ न देण्याची व्यवस्था केल्यावर हळूहळू शब्दाचा एक तुकडा रंग आणि दुसरा हालचाल सांगू लागला. कोणीही जाणूनबुजून व्याकरण रचले नव्हते, आणि जनुके तर बाजूलाच राहिली.

निकाराग्वाची खूणभाषा मात्र दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या पुराव्यात घेतात. 1977 नंतर राजधानी मानाग्वामध्ये बहिरी मुले प्रथमच शाळेत मोठ्या संख्येने एकत्र आली. त्यांना स्पॅनिश शिकवली जाई. खुणा त्यांनी मैदानात आणि बसमध्ये आपल्या आपण घडवल्या. आयती भाषा न मिळताही मुलांनी भाषा उभी केली, हा क्षमतेच्या बाजूचा पुरावा. पण 2004 मधील एक निरीक्षण पाहा. चेंडू गिळलेले मांजर उतारावरून गडगडत खाली जाते, हे सांगताना शाळेत आलेल्या पहिल्या तुकडीतील लोक बहुधा गडगडणे आणि खाली जाणे एकाच हालचालीत दाखवत. नंतर आलेली लहान मुले आधी ‘गडगडणे’ आणि मग ‘खाली जाणे’ अशा दोन सुट्या खुणा करू लागली. म्हणजे क्षमता पहिल्या तुकडीतही होती, पण रचना तुकडीगणिक शिकताना घडली. हे उदाहरण एकाच रकान्यात बसवण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो.

दोन्ही प्रश्न खरोखर एकमेकांना भिडतात ते एका ठिकाणी: भाषेच्या वापराने जनुकांची निवड झाली का? संस्कृतीने जनुके बदलू शकतात, हे दुधावरून सिद्ध आहे. पशुपालक समाजांत मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता पसरली. पण भाषेबाबतही असेच घडले, या कल्पनेवर संज्ञानशास्त्रज्ञ मॉर्टन क्रिस्टियनसन आणि निक चेटर यांनी 2008 मध्ये हरकत घेतली ती अशी की, व्याकरणाचे नियम इतक्या झपाट्याने बदलतात की जनुकांना त्यांचा पाठलाग करणे शक्य नाही. भाषाच मेंदूला जुळवून घेते. हजारो वर्षे दूध दूधच राहिले, पण तेवढ्या काळात ‘सीतया आम्रं खादितम्’चे ‘सीतेने आंबा खाल्ला’ झाले. म्हणून जनुकांवर भाषेचा ठसा शोधायचा असेल, तर तो सगळ्या भाषांत स्थिर राहिलेल्या गोष्टींतच शोधावा लागेल: ऐकलेला आवाज हुबेहूब काढणे, हजारो शब्द लक्षात ठेवणे, समोरच्याचे बोलणे संपते न संपते तोच आपले सुरू करणे.