इमर्जन्सीसाठी ऑनलाइन वेळ घेताय? आधी हे वाचा

“इमर्जन्सीत कुणी वेळ घेऊन जातं का?” हे आम्हाला नेहमी ऐकवलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. पण कॅज्युअल्टीच्या बाकांवर बसलेले सगळेच अत्यवस्थ नसतात. कुणाचा पाय मुरगळलेला असतो, कुणाच्या बोटाला दोन टाके घालायचे असतात. त्यांना आज तपासायला हवं हे खरं, पण तीनला की पाचला, याने फारसं बिघडत नाही. तेवढा वेळ बाकावर काढण्याऐवजी घरी काढता यावा, यासाठी आमची ऑनलाइन वेळ देण्याची सेवा आहे. त्यापलीकडे काही नाही.

तुम्ही घेता ती डॉक्टरांची वेळ नसते, तिथे पोहोचण्याची असते. आत गेल्यावर सिस्टर आधी तुमची अवस्था पाहतात. याला ट्रायाज म्हणतात. बऱ्याच देशांत वापरली जाणारी मँचेस्टर पद्धत रुग्णांना पाच रंग देते: लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. त्यामुळे तुमची वेळ साडेचारची असली आणि चार वीसला रुग्णवाहिकेतून कुणी बेशुद्ध माणूस आला, तर तुम्ही थांबायचं. गर्दी वाढली की ‘सव्वापाचला या’ असा मेसेज आम्ही पाठवतो. तोवर तुम्ही रुग्णालयात पोहोचला असाल, तर त्या मेसेजचा काही उपयोग नाही, हेही कबूल.

आता मुद्द्याचं. वेळ देण्याआधी आमचं पान काही प्रश्न विचारतं. छातीत दुखतंय का? धाप लागते का? तोंड वाकडं झालंय का, हात उचलत नाही का, बोलताना जीभ अडखळते का? एकालाही ‘हो’ म्हटलंत की बुकिंग बंद होतं आणि रुग्णवाहिकेचा नंबर समोर येतो. इथे काही जण मागे जाऊन ‘हो’चं ‘नाही’ करतात, कारण वेळ हवी असते आणि मनात असतं, “गॅसेस झाले असतील.” कृपया हे करू नका. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत निघावा, असा दंडक आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाचची वेळ घेऊन घरी बसलेल्याचे ते तास घरातच संपतात. ‘दुखत नाही, नुसतं दडपल्यासारखं वाटतंय’ हेही ‘हो’च. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायकांमध्ये कधीकधी छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, जबडा दुखतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तरी बुकिंग नको, थेट निघा.

इंग्लंडमध्ये २०२० पासून १११ या आरोग्य हेल्पलाइनवर आधी फोन करून इमर्जन्सीत यायची वेळ मिळवता येते. कोपनहेगनच्या परिसरात २०१४ पासून आधी १८१३ या तशाच हेल्पलाइनला फोन करायचा, अशी पद्धत आहे. तिथे पलीकडे ऐकणारं माणूस असतं. आमच्याकडे फक्त पान आहे. आवाजातली धाप त्याला ऐकू येत नाही. म्हणून ते मुद्दामच जरा जास्त भित्रं ठेवलंय. त्यावरून आमच्यावर चिडलात तरी चालेल.

घरी थांबताना एक पथ्य: हाड मोडल्याची शंका असेल किंवा पोटात जोरात दुखत असेल, तर काही खाऊ नका. भूल द्यावी लागली तर रिकामं पोट बरं. एका बुकिंगवर एकच रुग्ण. आणि बुकिंग नाही म्हणून आत घेणार नाहीत, अशी भीती बाळगू नका.

वेळ घेतल्यावर त्रास वाढला, तर त्या वेळेची वाट पाहू नका. उठा आणि निघा, चालवत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. बुकिंग रद्द करत बसू नका, ते आम्ही करू.