फोन आपला, अँटेना कोणाची? टॅप पेमेंटच्या वादाची पार्श्वभूमी

पुणे मेट्रोच्या स्टेशनवर आत जायच्या गेटला क्यूआर तिकीटही चालते आणि वन पुणे कार्डही. क्यूआर फोनच्या पडद्यावर दाखवता येतो. कार्डासारखी टेकवायची अँटेनासुद्धा आज अनेक फोनांत असते, तरी कार्ड वापरणारे प्रवासी ते वेगळेच बाळगतात. याची कारणे पाहायला वीस वर्षे मागे जावे लागते, पण आधी टॅप करताना नेमके काय होते ते पाहू.

रीडर, म्हणजे कार्ड ज्यावर टेकवतो ते यंत्र, १३.५६ मेगाहर्ट्झचे रेडिओ क्षेत्र सोडतो. साधारण चार सेंटिमीटरच्या आत कार्ड आले की त्या क्षेत्रातूनच त्याच्या चिपला वीज मिळते. रीडर पहिला प्रश्न विचारतो: तुझ्याकडे पैसे देण्याची कोणकोणती ॲप्लिकेशन आहेत? उत्तरात ओळखक्रमांक येतात, रुपेचा वेगळा, व्हिसाचा वेगळा. रीडर त्यातला एक निवडतो, रक्कम आणि एक यादृच्छिक आकडा पाठवतो, आणि चिप आपल्या गुप्त किल्लीने त्या व्यवहारापुरतीच चालणारी सही करून देते. कार्डात उत्तर देणारी चिप एकच असते. फोनमध्ये मात्र एनएफसी (टेकवून संपर्क साधण्याचे हेच तंत्र) सांभाळणाऱ्या कंट्रोलरला ठरवावे लागते की प्रश्न कोणाकडे न्यायचा: सिक्युअर एलिमेंट नावाच्या वेगळ्या सुरक्षित चिपकडे, की मुख्य प्रोसेसरवर चालणाऱ्या ॲपकडे. हा मार्ग ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावरच सगळा वाद आहे.

२००४ मध्ये नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी एनएफसी फोरम स्थापन केला. त्याच वर्षी जपानमध्ये डोकोमो या मोबाइल कंपनीचे फोन सोनीच्या फेलिका चिपवर दुकानात पैसे देऊ लागले. नोकियाचा ६१३१ एनएफसी हा फोन २००७ चा. म्हणजे तंत्र कधीच तयार होते, अडले होते ते मालकीवरून. पहिले कुलूप ॲपलने लावले असा समज आहे, तो बरोबर नाही. २०११ मध्ये गुगल वॉलेट हे फोन टेकवून पैसे देण्याचे ॲप आले तेव्हा व्हेरायझन या अमेरिकी मोबाइल सेवा कंपनीने गॅलेक्सी नेक्सस या फोनवर ते चालू देण्यास नकार दिला आणि सिक्युअर एलिमेंटचे कारण पुढे केले. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल तेव्हा आयसिस नावाचे स्वतःचे वॉलेट उभारत होते, हे लक्षात घेतले की नकाराचा अर्थ लागतो.

या कोंडीतून होस्ट कार्ड एम्युलेशन, म्हणजे एचसीई पुढे आले. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून कोणतेही ॲप सिक्युअर एलिमेंटला न विचारता थेट रीडरशी बोलू शकते. खऱ्या कार्ड क्रमांकाऐवजी टोकन, म्हणजे पर्यायी क्रमांक, आणि मोजक्या व्यवहारांपुरत्या किल्ल्या फोनमध्ये ठेवायच्या, संपल्या की बँकेच्या सर्व्हरवरून नव्या आणायच्या, अशी त्याची रीत आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲपल पे आले आणि उलट्या दिशेने गेले. आयफोन ६ मध्ये अँटेना होती, सिक्युअर एलिमेंट होते, पण दुकानात टॅप करून पैसे देण्यासाठी दोन्हींचा वापर फक्त ॲपल पेला. शुल्क बँकांकडून. अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च २०२४ मध्ये ॲपलवर जो दावा लावला, त्यात क्रेडिट कार्डाच्या व्यवहारामागे ०.१५ टक्के असा आकडा दिला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या बँकांनी एकत्र येऊन ॲपलशी वाटाघाटी करण्याची आणि गरज पडल्यास बहिष्काराची परवानगी मागितली, ती तिथल्या स्पर्धा आयोगाने मार्च २०१७ मध्ये नाकारली. जर्मनीने २०१९ मध्ये कायदा करून इतर वॉलेटांसाठी दार किलकिले केले. खरा फरक पडला तो युरोपीय आयोगामुळे: जून २०२० मध्ये चौकशी, मे २०२२ मध्ये आरोपपत्र, आणि ११ जुलै २०२४ रोजी ॲपलच्या हमीवर शिक्कामोर्तब. या हमीनुसार युरोपीय आर्थिक क्षेत्रात दहा वर्षे इतर वॉलेटांना एचसीई विनाशुल्क मिळते, फेस आयडी वापरता येतो, आणि ग्राहकाला ॲपल पे सोडून दुसरे वॉलेट मुख्य म्हणून निवडता येते. ॲपलचा मुद्दा सुरक्षिततेचा होता. तो पोकळ नाही, वेगळी चिप फोडणे ॲप फोडण्याहून खरोखर अवघड असते. पण अँड्रॉइडवर एचसीई तोवर दहाएक वर्षे चालू होते, त्यामुळे एकाच कंपनीची मक्तेदारी हाच सुरक्षिततेचा मार्ग, हे म्हणणे मला पटत नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ॲपलने आयओएस १८.१ साठी आणखी सात देश जाहीर केले: ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, जपान, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका. तिथे मिळणार होते ते सिक्युअर एलिमेंट, करार करून आणि शुल्क भरून. त्या यादीत भारत नव्हता.

भारतात ही लढाई झालीच नाही, कारण पैसे दुसऱ्याच वाटेने गेले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये गुगलने तेज आणले, त्यात जवळच्या फोनला पैसे द्यायला चक्क ऐकू न येणारा आवाज वापरला होता. टिकला मात्र क्यूआर. फोनचा कॅमेरा ग्राहकाने परवानगी दिली की कोणत्याही ॲपला मिळतो, आयफोनवरही, आणि त्यासाठी फोन कंपनीशी करार लागत नाही. महात्मा फुले मंडईतल्या भाजीवाल्याला छापील स्टिकर पुरतो, टॅपसाठी त्याला मशीन घ्यावे लागले असते. शिवाय १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर व्यापाऱ्याला शुल्क नाही. ज्या व्यवहारात बँकेलाच काही सुटत नाही, त्यातून फोन कंपनीचा वाटा कुठून काढणार?

टॅप अगदीच मागे राहिले असेही नाही. सॅमसंग पे मार्च २०१७ मध्ये भारतात आले, आणि चुंबकीय पट्टीची नक्कल करून जुन्या स्वाइप मशीनवरही चालायचे. रिझर्व्ह बँकेने कार्ड टोकनीकरणाला जानेवारी २०१९ मध्ये परवानगी दिली, आणि पिनशिवाय टॅपची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २,००० वरून ५,००० रुपये केली. सप्टेंबर २०२३ च्या यूपीआय लाइट एक्समध्ये इंटरनेट नसतानाही फोनला फोन टेकवून पैसे जातात, पण दोन्ही फोनांत एनएफसी हवे.

मेट्रोच्या कार्डाची अडचण आणखी वेगळी आहे. वन पुणे कार्ड ज्या प्रकारचे आहे, त्या मार्च २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्डात ऑफलाइन शिल्लक चिपवरच असते, जास्तीत जास्त २,००० रुपये. म्हणून गेटला सर्व्हरची वाट पाहावी लागत नाही आणि रांग हलती राहते. पण ऑनलाइन भरलेली रक्कम आपोआप चिपवर चढत नाही, ती चढवायला कार्ड मशीनला लावावे लागते. हे न केल्याने 'पैसे भरले तरी गेट उघडत नाही' ही तक्रार येते. काही ॲप अँड्रॉइड फोनच्या एनएफसीने हे काम घरीच करून देतात. आयफोनवर ॲपलची कार्ड वाचण्याची सोय पेमेंटचे ओळखक्रमांक वगळते, त्यामुळे तिथे ॲप बनवणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

अँड्रॉइडला खुले म्हणतानाही जपून म्हणावे. बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे कुलूप) उघडला, रूट केले, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा घेतला, किंवा गुगलने न प्रमाणित केलेली प्रणाली टाकली की प्ले इंटेग्रिटी ही फोनची प्रणाली अस्सल आहे का हे पाहणारी गुगलची तपासणी नापास होते आणि गुगलचे टॅप पेमेंट बंद पडते, अँटेना ठणठणीत असली तरी. सॅमसंगमध्ये अनधिकृत प्रणाली टाकली की नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा चिपमधला फ्यूज कायमचा उडतो. मग मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी सॅमसंग पे चालत नाही. जुना फोन घेताना हे आधी तपासावे. नव्या फोनच्या बाबतीत भारतीय आवृत्तीच्या वैशिष्ट्यांचा तक्ता पाहावा, कारण युरोपात एनएफसीसह विकलेले तेच मॉडेल इथे कधी कधी त्याविना येते. आणि सगळे असूनही टॅप लागत नसेल तर आधी धातूचे कव्हर काढावे, पडदा अनलॉक करावा, सेटिंगमध्ये मुख्य पेमेंट ॲप कोणते आहे ते बघावे, आणि आयफोनचा वरचा कडेचा भाग, बहुतेक अँड्रॉइडचा पाठीचा वरचा किंवा मधला भाग रीडरला टेकवून सेकंदभर तसाच धरावा.